अभिप्राय पत्रकाच्या पुढे: शासकीय प्रशिक्षणात संशोधनाचा उपयोग कसा करावा

एका जिल्हास्तरीय प्रशिक्षण संस्थेतील सत्र समन्वयकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्याकडे वर्षभर तुकड्या चालू असतात. बहुतेक प्रशिक्षणार्थी अभिप्राय पत्रकावर 'उत्कृष्ट' या रकान्यात खूण करतात, निधी ठरल्या कामी खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रेही वेळेवर जातात. पण ही माणसे ज्या कार्यालयांतून येतात तेथील कामात फरक पडल्याचे दिसत नाही. आता वरिष्ठांनी संशोधनाच्या आधारे कार्यक्रम सुधारण्यास सांगितले आहे. आमच्याकडे संशोधक नाहीत आणि वेगळा निधीही नाही. सुरुवात कुठून करावी?"

पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी महसूल, ग्रामविकास आणि इतर विभागांच्या कर्मचाऱ्यांना शिकवले, कार्यक्रमांची आखणी केली आणि त्यांचे मूल्यमापनही केले. त्या अनुभवावरून सांगते की, सुरुवात कार्यालयातल्या कागदांपासून करावी. संशोधन म्हटले की आपल्याकडे लगेच प्रश्नावली, विद्यापीठाशी करार आणि जाडजूड अहवाल डोळ्यांसमोर येतात. त्यांची गरज पडते, पण फार नंतर. शासकीय कर्मचाऱ्याच्या कामाची एक मोठी सोय अशी की, ते जवळजवळ सगळे कागदावर किंवा संगणकात उमटलेले असते. आवक-जावक नोंदवही, टिपणी, पत्राची कार्यालयीन प्रत, फेरफार नोंद, पंचनामा, रोजवही हे सगळे तारखेसह जपून ठेवलेले असते. एखाद्या खासगी प्रशिक्षकाला इतका तयार पुरावा क्वचितच मिळेल. तो आपल्या हाताशी असतो आणि आपण मात्र प्रशिक्षणार्थ्याला जेवण कसे होते ते विचारतो.

माहितीच्या अधिकाराच्या प्रशिक्षणाचे एक उदाहरण मी तपशिलाने सांगते, कारण माझे स्वतःचे मत त्यातूनच बदलले. जन माहिती अधिकाऱ्यांसाठी आम्ही दोन दिवसांचा वर्ग घेत असू. अर्जावर तीस दिवसांत उत्तर, दुसऱ्या प्राधिकरणाशी संबंधित अर्ज कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत हस्तांतरित करणे, कलम ८ मधील अपवाद, कलम १० प्रमाणे देता येण्याजोगा भाग वेगळा काढून देणे, आणि माहिती नाकारताना कलम ७(८) नुसार कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवणे, असे सगळे त्यात होते. पूर्वचाचणीत कमी गुण मिळत, उत्तरचाचणीत ते चांगले वाढत. त्या वाढीचा तक्ता जोडून मी वरिष्ठांना समाधानाने अहवाल सादर केला. तीन महिन्यांनी त्याच कार्यालयांतील नकाराची पत्रे मागवून वाचली, तेव्हा बहुतेक पत्रांत अपिलीय अधिकाऱ्याचे पदनामही नव्हते. "आपण मागितलेली माहिती कलम ८ नुसार देता येत नाही", एवढ्या एका वाक्यावर पत्र संपत होते.

मग आम्ही एका तालुका पातळीवरच्या कार्यालयात जाऊन दिवसभर बसलो. संबंधित लिपिकाने संगणकावर एक जुना दस्तऐवज उघडला. तो त्याच्याही आधीच्या लिपिकाने तयार केलेला होता. अर्ज आला की त्यातले नाव, पत्ता, संदर्भ आणि दिनांक बदलायचा आणि बाकी मजकूर तसाच ठेवायचा. छापलेले पत्र संध्याकाळी इतर टपालाबरोबर स्वाक्षरीसाठी साहेबांच्या टेबलावर जाई. साहेब म्हणजे आमच्या वर्गात उत्तम गुण मिळवलेले तेच जन माहिती अधिकारी. कलम ७(८) त्यांना अगदी व्यवस्थित ठाऊक होते. त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवून नकाराचे पत्र लिहायला सांगितले, तेव्हा त्यांनी ते बिनचूक लिहूनही दाखवले. दोष संगणकातल्या त्या जुन्या मसुद्यात होता, आणि मसुदा ज्याच्या हातात होता तो लिपिक आमच्या वर्गाला कधी बोलावलाच गेला नव्हता.

त्यानंतर आम्ही तो वर्ग बदलला. अधिकाऱ्याबरोबर त्या विषयाचे काम पाहणारा लिपिकही नामनिर्देशित व्हावा असे पत्रात स्पष्ट लिहिले. येताना कार्यालयात प्रत्यक्ष वापरात असलेला मसुदा आणि अलीकडची काही उत्तरे, अर्जदारांची नावे झाकून, आणायला सांगितली. कायद्याच्या व्याख्यानाचा वेळ निम्म्यावर आणला आणि उरलेल्या वेळात प्रत्येक जोडीने स्वतःचा मसुदा दुरुस्त करून तो सोबत न्यावा अशी योजना केली. पुढच्या फेरीतली पत्रे वाचली तेव्हा फरक पहिल्याच गठ्ठ्यात दिसला.

संशोधनाचे पहिले काम आहे ते हेच. जो दोष आपण प्रशिक्षणाने घालवू पाहतो, तो मुळात न कळल्यामुळे होतो का, हे शिकवण्यापूर्वी तपासले पाहिजे. कर्मचाऱ्याला वर्गात ते काम करायला सांगावे. वर्गात जमत असेल आणि कार्यालयात होत नसेल, तर कारण मसुद्यात, प्रणालीत, मनुष्यबळाच्या कमतरतेत, वरिष्ठांच्या सवयीत किंवा कामाच्या ओझ्यात असते, आणि कितीही चांगला व्याख्याता आणला तरी ते कारण जागेवरून हलत नाही. प्रशिक्षण गरजांचे विश्लेषण म्हणून आपल्याकडे बहुधा एक यादी फिरवली जाते आणि "आपणास कोणत्या विषयांचे प्रशिक्षण हवे?" असे विचारले जाते. तिच्यात ताणतणाव व्यवस्थापन, संगणक आणि कार्यालयीन कार्यपद्धती यांवर खुणा होऊन यादी परत येते. हे विश्लेषण नव्हे. लेखापरीक्षणातील आक्षेप, अपिलात फिरवले गेलेले आदेश, परत आलेले प्रस्ताव आणि लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खालील मुदत उलटलेली प्रकरणे, हे सगळे समोर घेऊन त्यांतल्या चुकांची प्रकारवार मोजणी करावी. चार दिवस शांतपणे बसून केलेली ही मोजणी वर्षभराच्या अभ्यासक्रमाला दिशा देते, असा माझा अनुभव आहे.

आता अभिप्राय पत्रकाविषयी. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडल्या: प्रशिक्षणार्थ्याला काय वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वर्तन बदलले का, आणि त्यातून संस्थेला किंवा लोकांना काय मिळाले. या चार पातळ्या आपल्या प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ असतात आणि आपण पहिलीवरच थांबतो. पहिल्या पातळीवरून पुढच्या पातळ्यांचा अंदाज करता येईल अशी आशा त्यामागे असते. ती आशा खरी नाही. जॉर्ज अ‍ॅलिगर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. कार्यक्रम किती आवडला याचा, शिकण्याशी किंवा कामातल्या बदलाशी, जवळजवळ संबंधच नसल्याचे त्यातून दिसले. "हे माझ्या कामाला उपयोगी पडेल" या उत्तराचा संबंध थोडा अधिक होता, पण तोही माफकच. पुढे २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास तर आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांचे शिकणे प्रत्यक्षात जास्त झाले होते, परंतु आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांचे नेमके उलट झाले. याचा अर्थ असा की, केवळ अभिप्रायाच्या गुणांवर व्याख्याते निवडत गेलो, तर कष्ट करून घेणारा प्रशिक्षक हळूहळू यादीतून गळतो आणि किस्से सांगणारा टिकतो. अभिप्राय पत्रक बंद करा असे मी म्हणत नाही. निवासाची, पाण्याची, वेळापत्रकाची तक्रार त्यातूनच कळते. त्यात दोनच प्रश्नांची भर घालावी: "परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात आपण नेमके कोणते काम वेगळ्या रीतीने कराल?" आणि "ते करताना काय आड येईल?" दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे नीट वाचावीत. आमचा तो जुना मसुदा आम्हाला तिथे दोन वर्षे आधीच सापडला असता.

शिकण्यासंबंधीच्या संशोधनातले दोन निष्कर्ष इतके भक्कम आहेत की ते स्वीकारण्यासाठी स्वतःच्या प्रयोगाची वाट पाहण्याचे कारण नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला आणि दुसऱ्या गटाने एकदा वाचून नंतर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आणि दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला. आपली उत्तरचाचणी शेवटच्या दिवशी, समारोपाच्या आधी तासभर होते, म्हणजे त्या पाच मिनिटांच्या चाचणीसारखीच. ती पुढे काय टिकणार आहे हे सांगत नाही आणि वाईट पद्धतीलाही चांगले गुण देऊन जाते. उत्तरचाचणी सहा ते आठ आठवड्यांनी, मोबाइलवर, दहा प्रश्नांची घ्यावी. तिचा दुहेरी लाभ होतो, कारण आठवण्याचा प्रयत्न हाच शिकण्याचा भाग आहे. दुसरा निष्कर्ष म्हणजे एकाच दमात शिकवण्यापेक्षा अंतर ठेवून शिकवलेले जास्त टिकते. विसरण्याचा वेग हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवला होता. सलग पाच दिवसांचा निवासी वर्ग आपण घेतो तो प्रवास भत्ता, वाहन आणि वसतिगृह यांच्या सोयीसाठी. त्याऐवजी तीन दिवस, मध्ये सहा आठवडे कार्यालयात काम आणि पुन्हा दोन दिवस अशी रचना केली, तर दुसऱ्या टप्प्यात माणसे स्वतःचे अडलेले प्रश्न घेऊन येतात आणि वर्गाचे रूप पालटते. प्रवासखर्च थोडा वाढतो, हे खरे आहे. मंजुरीच्या टिपणीत तो स्पष्ट मांडावा.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. संशोधनाच्या नावाने आपल्या वर्गांतून काही चुकीच्या गोष्टीही वर्षानुवर्षे शिकवल्या जातात. "माणूस वाचलेले दहा टक्के, ऐकलेले वीस टक्के, प्रत्यक्ष केलेले नव्वद टक्के लक्षात ठेवतो", अशी पारदर्शिका आपण सर्वांनी पाहिली आहे आणि मीही ती पूर्वी दाखवली आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ साली जो अनुभवाचा शंकू, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंतची शिकण्याच्या साधनांची उतरंड, मांडला त्यात हे आकडे नव्हतेच. ते कोणीतरी नंतर जोडले आणि त्यांना आधार देणारा प्रयोग नाही. तीच गोष्ट दृश्य-शैली, श्रवण-शैली अशा अध्ययनशैलींनुसार शिकवण्याची. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा शैली जुळवून शिकवल्याने जास्त शिकणे होते असे म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. जो प्रशिक्षक प्रशिक्षकांनाच शिकवतो, त्याने तरी आपल्या पारदर्शिकांमधला प्रत्येक आकडा कुठून आला हे एकदा शोधून पाहावे.

शासकीय कर्मचाऱ्यांवरच झालेले मोठे प्रयोग फार नाहीत, पण आहेत ते आपल्या फार जवळचे आहेत. राजस्थान पोलिसांबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी अकरा जिल्ह्यांतील १६२ पोलीस ठाण्यांमध्ये केलेल्या अभ्यासात निरनिराळे उपाय चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ठाण्यांना वाटून देण्यात आले: तपासाचे आणि लोकांशी वागण्याबोलण्याचे प्रशिक्षण, बदल्यांना काही काळ स्थगिती, साप्ताहिक सुट्टी व कामांची आलटून पालटून वाटणी, आणि ठाण्यात बसणारे नागरिक निरीक्षक. प्रशिक्षण आणि बदल्यांची स्थगिती यांचा पोलिसांच्या कामावर आणि गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या समाधानावर चांगला परिणाम दिसला. बाकीच्या उपायांचा ठोस परिणाम दिसला नाही, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे ते ठाण्यांच्या पातळीवर नीट अमलातच आले नाहीत. यातून मी दोन धडे घेतले. प्रशिक्षण व्यर्थ आहे असे जे त्रासून म्हणतात, त्यांना हे उत्तर आहे. आणि ज्या माणसाला शिकवले तो त्या टेबलावर टिकला तरच शिकवण्याचे फळ मिळते. महाराष्ट्रात बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला आहे. तेव्हा विशिष्ट टेबलाचे कौशल्य शिकवताना, नुकत्याच रुजू झालेल्या माणसाला पहिल्या दोन महिन्यांत बोलावणे आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस असलेल्याला न बोलावणे, एवढा साधा नियम तरी नामनिर्देशनाच्या पत्रात घालता येतो. आजही अनेक ठिकाणी जो मोकळा आहे त्याला पाठवले जाते. प्रशिक्षणाचा सर्वांत जास्त पैसा वाया जात असेल तर तो इथेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा अभ्यास उत्तर प्रदेशातला आहे आणि तो वाचून मी बरेच दिवस अस्वस्थ होते. बाळंतपणाच्या वेळी पाळायच्या अत्यावश्यक गोष्टींची तपासणी-यादी वापरावी म्हणून १२० आरोग्य केंद्रांपैकी निम्म्या केंद्रांतील परिचारिका आणि इतर प्रसूती-सेविकांना आठ महिने, प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन, मार्गदर्शन करण्यात आले. दीड लाखाहून अधिक माता त्या अभ्यासात होत्या आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांनी पाहिले तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्या केंद्रांत त्या गोष्टी सुमारे ७३ टक्के वेळा पाळल्या जात होत्या आणि इतर केंद्रांत सुमारे ४२ टक्के. मार्गदर्शन थांबल्यानंतर चार महिन्यांनी पहिला आकडा सुमारे ६२ पर्यंत उतरला. म्हणजे वर्तन बदलले, पण आधार काढून घेतल्यावर काही प्रमाणात सैलही झाले. माता आणि नवजात बालकांचे मृत्यू व गंभीर आजार मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले. ज्यांनी इतके कष्ट केले त्यांनी हा निष्कर्ष जसाच्या तसा जगासमोर ठेवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी मोठा आदर आहे. एखाद्या परिणामाच्या मागे औषधांचा पुरवठा, वाहन, तज्ज्ञ डॉक्टर अशा अनेक गोष्टी असतात, तेव्हा एकट्या प्रशिक्षणाकडून त्याची हमी घेऊ नये. आपल्या अहवालात "या प्रशिक्षणामुळे प्रकरणांचा निपटारा वाढला" असे वाक्य लिहिण्यापूर्वी हा अभ्यास आठवावा.

कामाच्या जागी जाऊन मार्गदर्शन करणे महाग पडते म्हणून आपल्याकडे ते टाळले जाते. दक्षिण आफ्रिकेत १८० सरकारी शाळांवर झालेल्या प्रयोगात एका ठिकाणी बोलावून दिलेल्या शिक्षक-प्रशिक्षणापेक्षा वर्गात येऊन केलेल्या मार्गदर्शनाने मुलांच्या वाचनात जवळजवळ दुप्पट सुधारणा झाली आणि खर्चाच्या मानानेही तेच सरस ठरले. आपण प्रत्येक तलाठ्यामागे मार्गदर्शक पाठवू शकत नाही, हे मान्य. पण मंडळ अधिकारी त्याच्या कामाची तपासणी करतोच. त्या मंडळ अधिकाऱ्याला तपासणी करता करता कसे शिकवावे, हे शिकवले तर मार्गदर्शक आपोआप मिळतो. विवादग्रस्त फेरफारांच्या नोंदवहीत दोन नोंदी एकत्र बसून पाहायच्या, काय बरोबर झाले ते आधी सांगायचे, मग एकच दुरुस्ती सुचवायची आणि पुढच्या भेटीत तीच तपासायची, एवढाच त्याचा धडा असतो.

आता स्वतःचा अभ्यास करताना तुलना कशी करावी. पूर्वीची पत्रे आणि नंतरची पत्रे एवढीच तुलना फसवी ठरू शकते, कारण मधल्या काळात नवा शासन निर्णय निघालेला असतो, नवी संगणक प्रणाली आलेली असते किंवा विभागीय आयुक्तांनी आढावा घेतलेला असतो. यावर उपाय सोपा आहे आणि तो आपल्या रचनेत आधीपासूनच आहे. सर्व तालुक्यांना एकाच महिन्यात बोलावणे आपल्याला कधीच शक्य नसते. तुकड्या टप्प्याटप्प्यानेच होतात. कोणता तालुका आधी आणि कोणता नंतर हे सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून ठरवावे. पहिल्या टप्प्यातील तालुक्यांचे वर्ग झाले आणि दुसऱ्या टप्प्याचे व्हायचे आहेत, अशा वेळी दोन्हींकडची पत्रे सारख्याच निकषांवर तपासावीत. कोणावर अन्याय होत नाही, खर्च वाढत नाही आणि तुलना प्रामाणिक राहते. सर्वांत वाईट कार्यालये आधी बोलवावीत असा आग्रह धरला जाईल. त्याला नम्रपणे नकार द्यावा. ज्या कार्यालयाविरुद्ध एका तिमाहीत खूप अपिले आली, त्याची संख्या पुढच्या तिमाहीत बहुधा आपोआपच खाली येते, कारण पहिली उसळी काही अंशी योगायोगाची असते. ती घट प्रशिक्षणाच्या खात्यावर जमा होते आणि आपली फसगत होते.

किती पत्रे तपासावीत, हा प्रश्न नेहमी येतो. समजा, आधीच्या २० पत्रांपैकी ८ पूर्ण होती आणि नंतरच्या २० पैकी १२ आहेत. ही वाढ योगायोगानेही होऊ शकते; तिच्यावर काही उभारू नये. हेच प्रमाण २०० पैकी ८० आणि २०० पैकी १२० असे आले तर विश्वास ठेवायला हरकत नाही. मात्र ही पत्रे अनेक कार्यालयांतून आलेली हवीत. एकाच कार्यालयातली शंभर पत्रे म्हणजे एकाच मसुद्याच्या शंभर प्रती असू शकतात. पत्र कोणत्या टप्प्यातले आहे हे तपासणाऱ्याला कळू देऊ नये. कार्यालयाचे नाव आणि दिनांक झाकून गठ्ठा मिसळावा. दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे आणि जिथे मतभेद होईल तिथे निकषाची भाषा दुरुस्त करावी. "पत्र समाधानकारक आहे का?" हा निकष नव्हे. "अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम व पत्ता आहे का?" हा निकष आहे.

या कामात एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते, आणि ती मोडली तर सगळेच मोडते. अभ्यासासाठी घेतलेल्या कागदांवरून कोणत्याही कर्मचाऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाता कामा नये. हे आधीच लेखी ठरवून घ्यावे, कार्यालयप्रमुखांना कळवावे आणि नावे काढून टाकल्याशिवाय कागद संस्थेच्या बाहेर जाऊ देऊ नयेत. पहिल्याच वर्षी एक जरी नोटीस गेली, तर दुसऱ्या वर्षी तुम्हाला फक्त निवडक, नीटनेटकी पत्रे मिळतील. प्रशिक्षणार्थी आपल्याला ज्या विश्वासाने स्वतःची चूक दाखवतो, तो विश्वास तपासणी पथकाला कधी मिळत नाही आणि आपण तो त्यांच्यासाठी वापरू नये.

निधीविषयी आपण लिहिले आहे. राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण २०१२ मध्ये प्रत्येक विभागाने वेतनावरील तरतुदीच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी ठेवावी असे म्हटले आहे, आणि राज्याच्या २०११ च्या प्रशिक्षण धोरणाने पुण्याच्या यशदा या राज्य प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेला शिखर संस्था ठरवून विभागीय व जिल्हा पातळीवरील संस्थांची रचना घालून दिली. मूल्यमापनासाठी वेगळे लेखाशीर्ष मागत बसण्यापेक्षा प्रत्येक कार्यक्रमाच्या प्रस्तावातच "सहा आठवड्यांनंतरचा पाठपुरावा" ही बाब घालावी. एक वाहनफेरी आणि दोन माणसांचे दोन दिवस यापलीकडे तिला फारसे लागत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमांबाबत एवढेच सांगते की, सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगी या केंद्र सरकारच्या कर्मचारी-प्रशिक्षण कार्यक्रमाने पदाच्या भूमिकेला लागणाऱ्या क्षमता आधी ठरवाव्यात हा विचार पुढे आणला, तो योग्य आहे. त्याच्या आयगॉट या ऑनलाइन मंचावर अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळते, ते कर्कपॅट्रिक यांच्या दुसऱ्या पातळीच्याही उंबरठ्यावरचे आहे. कलमे, व्याख्या, मुदती यांचा भाग तिथे आधी उरकून घ्यावा आणि वर्गातला मौल्यवान वेळ मसुदे, नस्त्या आणि सराव यांना द्यावा, असा त्याचा उत्तम उपयोग होतो.

आपल्या संस्थेने येत्या तिमाहीत एकच कार्यक्रम निवडावा, आणि तो असा की ज्याचे फलित कागदावर दिसते. पहिल्या पंधरवड्यात दहा-बारा कार्यालयांतून त्या विषयाचे जुने कागद मागवून चुकांची मोजणी करावी आणि निदान दोन कार्यालयांत दिवसभर बसून ते काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहावे. पाच ते सात निकषांची यादी एका पानावर बसवावी. चिठ्ठ्या टाकून टप्पे ठरवावेत, वर्ग घ्यावेत, आणि सहा आठवड्यांनी दोन्ही टप्प्यांतले कागद झाकून तपासावेत. अहवाल चार पानांचा करावा: काय चुकत होते, वर्गात काय बदलले, किती फरक पडला, आणि कोणती चूक प्रशिक्षणाने सुटणारी नसून कोणी काय करायला हवे. हे शेवटचे पान संबंधित विभागप्रमुखांना स्वतंत्र पत्राने पाठवावे. आमच्या वेळी त्या पानावर एकच मागणी होती: सुधारित मसुदा सर्व कार्यालयांच्या संगणकांवर टाकावा आणि जुना काढून टाकावा. ते परिपत्रक निघायला आठ महिने लागले. तोवर आम्ही प्रत्येक तुकडीबरोबर तो पेन ड्राइव्हवर देत राहिलो.